कुटुंबात बदल नाही

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या पतपेढीने, क्रेडिट युनियनने, नाताळात ही डायरी पाठवली. दरवर्षी पाठवतात आणि दरवर्षी मी ती हॉस्पिटलच्या कॉफीच्या खोलीत ठेवून येते, कुणीतरी नेतं. यंदा ठेवून घेतली. कॉलेजात असताना मी रोज लिहायची, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

आज कर्स्टनच्या शिक्षण-मदतीचा सरकारी फॉर्म भरला. फॉर्म तिचा, पण अर्धा माझा. पालकाने स्वतःचं वेगळं खातं उघडायचं, आपला भाग भरायचा, आपली सही करायची. मुलीला अनुदान किती मिळेल आणि कर्ज किती काढावं लागेल, हे तिच्या गुणांवर नाही, माझ्या पगारावर ठरतं. मला ही पद्धत पटत नाही, पण पद्धत आहे. आता करखात्याकडून आकडे आपोआप येतात, तेही दोन वर्षांपूर्वीचे, म्हणजे तेवीस सालचे. पगार बरोबर होता. घटस्फोटित, बरोबर. कुटुंबातील माणसं: तीन.

त्याखाली प्रश्न होता: त्यानंतर कुटुंबात काही बदल झाला आहे का?

कर्स्टन माझ्या मागे उभी राहून बाऊलमधलं सिरियल खात होती. तिचा चमचा थांबला.

मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेले. सरकारी आकड्यांत आपण हात घालू नये, नंतर निस्तरत बसावं लागतं.

“मॉम,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. थँक्स.”

थँक्स म्हणायला शिकली, हे बरं झालं.

५ जानेवारी, रविवार

महिन्याची पाच तारीख. चर्चहून आल्यावर कोलिनच्या कर्जाचा हप्ता भरला. हे कर्ज विद्यार्थ्याचं नव्हे, पालकाचं. इंजिनिअरिंगच्या तिन्ही वर्षांना सही माझी आहे. शिक्षण संपेपर्यंत हप्ते पुढे ढकलता येतात असं तेव्हा सांगितलं होतं. मी म्हणाले, नको, पहिल्या महिन्यापासून भरते.

हप्ता भरला की एक पान उघडतं. ‘विद्यार्थी: कोलिन जे. नीमेला. आपला भरणा मिळाला. धन्यवाद.’ मला हे पान आवडतं. नीटनेटकं आहे.

तेवढ्यात डेलचा फोन आला. हा माणूस नवरा होता तेव्हा लग्नाचा वाढदिवस विसरायचा, पण पाच तारीख बरोबर लक्षात ठेवतो.

“भरलास?” त्याने विचारलं.

“भरला.”

“डोरी, किती वेळा सांगू? विद्यार्थी गेला की हे कर्ज माफ होतं. कायदाच आहे. मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत पाठवायची, बस.”

“सही कुणाची आहे त्यावर?”

“तुझी.”

“मग?”

“मग काय मग? सरकार नको म्हणतंय तुझे पैसे!”

“मी घेतलं आहे, मी फेडीन. तुझ्यासारखं मला अर्ध्यावर सोडायची सवय नाही.”

यावर तो म्हणाला, “बर्फ पडतोय खूप. छप्पर सांभाळ.” मी फोन ठेवला. छपरावरचा बर्फ मी सकाळीच ओढून काढला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

मिस्टर रुओना, वय ब्याऐंशी, खुब्याचा सांधा नवा. शस्त्रक्रियेनंतर माणसांना पायावर उभं करणं हे माझं काम आणि पायावर उभं न राहणं हे त्यांचं.

“सार्जंट, आज सुट्टी द्या. सैन्यातसुद्धा रविवारी देतात.”

“आज मंगळवार आहे. उठा.”

“तुमच्या नवऱ्याची दया येते मला.”

“तो केव्हाच पळाला. उठा.”

हसता हसता उठले. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. धाप लागू नये म्हणून बोलत राहायची त्यांची युक्ती आहे. विचारलं, “मुलं किती?”

“दोन. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मुलगी यंदा कॉलेजला जाईल.”

“मग तुमचा पगार गेलाच म्हणा! माझ्या बापाने मला सोळाव्या वर्षी खाणीत घातलं, एक सेंट खर्च आला नाही.”

रुग्णांशी घरच्या गोष्टी बोलू नयेत. तसा नियमच आहे, मी नव्या मुलींना सांगते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कर्स्टनला विद्यापीठात प्रवेश मिळाला. कोलिनच्या नव्हे, दुसऱ्या, दक्षिणेकडच्या. तिथला नर्सिंगचा अभ्यासक्रम चांगला आहे म्हणे. तिला तातडीच्या विभागातली नर्स व्हायचं आहे. ही मुलगी लहानपणी स्वतःचा गुडघा खरचटला तरी पांढरी पडायची. कुठून डोक्यात शिरलं कळत नाही. जेवताना विचारलं.

“कुणीतरी लवकर पोचायला हवं असतं ना,” ती म्हणाली आणि बटाटे वाढून घेतले.

उत्तर देण्याची ही काय पद्धत? मुलाखतीत असं बोललीस तर हाकलून देतील, असं मी सांगितलं.

विद्यापीठाने पाकिटात गाडीच्या मागच्या काचेला लावायची पट्टी पाठवली आहे. या गावात ती लावायची आयाबापांना भारी हौस. काहींच्या काचेतून मागचं काही दिसत नाही इतक्या असतात. कर्स्टन पट्टी घेऊन गाडीपाशी गेली. मी म्हणाले, “काचेवर एक आहे, तेवढी पुरे.”

“ती कोलिनची आहे.”

“हो मग.”

“तिच्याशेजारी लावते ना.”

“मागचं दिसायला नको? आणि ती खरवडून काढायचं तर नावच नको, काच खराब होते.”

“खरवडायला कुणी सांगितलं, मॉम?” तिने पट्टी घडी करून कोटाच्या खिशात घातली. घडी घातल्यावर ती चिकटत नाही. वस्तू कशा वापराव्या हे हिला कधी कळणार?

१२ मार्च, बुधवार

विद्यापीठाच्या मदत-कार्यालयातून मिस प्रूइट नावाच्या बाईंचा फोन आला, कामाच्या वेळात. काही फॉर्म निवडून तपासतात, त्यात कर्स्टनचा आला. बाई आवाजावरून तरुण वाटल्या, गोड बोलत होत्या.

“कुटुंबात तीन माणसं दिसतात. तुम्ही, कर्स्टन, आणि तिसरं कोण, मॅडम?”

“मुलगा. कोलिन.”

“येत्या वर्षीही त्याचा खर्च तुमच्याकडेच असेल?”

“त्याचे हप्ते मीच भरते.” हे अगदी खरं आहे.

“शिकतोय का?”

“इंजिनिअरिंग. तिसरं वर्ष.”

“अरे वा! मग फार काही नाही. एक निवेदन पाठवते, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं लिहा, खाली सही करा. फक्त लवकर हं. आमच्या निधीतलं अनुदान जो आधी येईल त्याला आधी देतो. संपलं की संपलं.”

निवेदनाचा कागद दुपारीच आला. डोरीन नीमेला, वय छप्पन्न. कर्स्टन, सतरा. कोलिनच्या नावापुढे वयाचा रकाना होता. एकवीस लिहायचं की बावीस, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात पुढच्या रुग्णाची वेळ झाली.

१३ मार्च, गुरुवार

मी कालचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. मी खोटं बोलले का? तिसरं वर्ष होतंच. चौथं लागलं नाही. तेवीसच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तो घरी यायला निघाला आणि हायवेवर हरीण आडवं आलं. शिकारीच्या मोसमात हरणं सैरावैरा धावतात, इथे प्रत्येकाच्या गाडीला एकदा तरी धडकतात. पोरं त्याच्या गमती सांगतात.

विचारलं त्याचं उत्तर दिलं. न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

५ एप्रिल, शनिवार

हप्ता भरला. पान उघडलं, वाचलं, मिटलं. डेलचा फोन आला, घेतला नाही.

निवेदन अजून पाठवलेलं नाही. दोन फिजिओथेरपिस्ट सुट्टीवर आहेत, कामाचा ढीग पडला आहे. कर्स्टन सारखी टपाल बघते. मी तिला सांगितलं, टपालपेटीकडे बघून पत्र येत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आज फार बोलाबोली झाली. जशी झाली तशी लिहिते.

मी मांस-बटाटा भरायच्या पॅस्टीचं पीठ मळत होते. कर्स्टन शाळेतून आली, दप्तर टाकलं, बूट न काढता स्वयंपाकघरात शिरली.

“बूट,” मी म्हणाले.

“वर्गातल्या मॅडीला मदतीचं पत्र आलं. त्या ढब्बू ब्रॅडीलासुद्धा आलं, त्याला सात-आठं पाठ नाही. फक्त मला नाही.”

“येईल.”

“नाही येणार. मी फोन केला त्यांना. पालकाचं निवेदन मिळालं नाही म्हणे. मॉम, मार्चपासून अडकलाय माझा फॉर्म!”

“वेळ झाला नाही.”

“दोन नावं लिहायला?”

मी पिठाचे गोळे करत राहिले.

“त्या बाईंनी मला विचारलं, तुझा भाऊ कुठल्या विद्यापीठात आहे. म्हणाल्या, तोपण उन्हाळ्यात घरी येतो का?”

“मग तू काय सांगितलंस?”

“फोन ठेवला. काय सांगणार? तू सांग, काय सांगू? किती जण आहोत आपण या घरात?”

“आवाज खाली.”

“का? कोण उठणार आहे?”

मी लाटणं ठेवलं. ती भिंतीला टेकून उभी होती. चेहरा लाल, डोळे कोरडे. हे मला हिचं कधीच कळलं नाही. चर्चमध्ये त्या दिवशी सगळं गाव रडत होतं, डेल तर उभाही राहू शकत नव्हता, आणि ही माझ्या शेजारी खांबासारखी उभी. अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघायची. बस, तेवढंच.

“त्याच्यासाठी दर महिन्याला पैसे पाठवतेस,” ती म्हणाली. “आणि माझ्यासाठी एक ओळ लिहवत नाही तुला.”

“त्याचे पैसे मी कर्ज म्हणून—”

“माहीत आहे. सही तुझी आहे.” मग बूट काढले, दाराशी नीट जोडून ठेवले आणि वर गेली. जेवायला आली नाही.

तिचं बोलणं उद्धट होतं. खोटं होतं असं लिहिता येत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत निवेदन लिहिलं. डोरीन नीमेला. कर्स्टन नीमेला. सही, तारीख. हॉस्पिटलच्या मशीनवरून पाठवून दिलं.

नंतर सामानाच्या खोलीत गेले आणि तिथले सगळे वॉकर पुसून काढले. ते काम सफाईवाल्यांचं आहे. दार उघडून कुणीतरी डोकावलं आणि परत गेलं.

१ मे, गुरुवार

आज शाळेत शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या कॉलेजच्या नावाचा स्वेटशर्ट घालून जातात. जागा पक्की करायचा हा शेवटचा दिवस असतो. कर्स्टनचं मदतीचं पत्र अजून आलेलं नाही म्हणून मिस प्रूइटनी तिला तीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

ती खाली आली ती कोलिनचा हिरवा स्वेटशर्ट घालून.

“तो तुझ्या विद्यापीठाचा नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“कुणी काही म्हणणार नाही, मॉम. सगळ्यांना माहीत आहे.”

तो स्वेटशर्ट मी त्याच्या कपाटात घडी करून ठेवला होता. तो हिने केव्हा काढला? कोपरावर विरला आहे, आणि तिच्या उशीला येतो तो शाम्पूचा वास त्याला येतो. न विचारता कपाटं उघडणं बरं नव्हे, एवढं बोलून मी कामावर गेले. वाटेत मला गाडी थोडा वेळ बाजूला घ्यावी लागली. धुकं होतं.

९ मे, शुक्रवार

पत्र आलं. सरकारी अनुदान थोडं, तिचं स्वतःचं विद्यार्थी-कर्ज थोडं, बाकीची जागा रिकामी. मी मिस प्रूइटना फोन केला.

“विद्यापीठाच्या निधीतलं अनुदान यात दिसत नाही,” मी म्हणाले.

“ते संपलं, मॅडम. मार्चमध्ये होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला.” आवाजात आता तो गोडवा नव्हता, पण राग नव्हता. कागदावर दोनच नावं बघून त्यांना सगळं कळलं असणार. “उरलेल्यासाठी पालकाचं कर्ज घेता येईल. पुढच्या वर्षी मात्र वेळेवर पाठवा. आणि मिसेस नीमेला…”

“हो?”

“काही नाही. काळजी घ्या.”

माझ्यामुळे मुलीचं अनुदान गेलं. हे सरळ लिहिते, कारण सरळच आहे.

संध्याकाळी कर्स्टनला समोर बसवून सांगितलं. चूक माझी आहे. बाकीचं कर्ज मी घेते. दोन हप्ते पगारातून भागणार नाहीत, म्हणून शनिवारी वृद्धाश्रमात काम धरते, त्यांना माणूस हवाच आहे.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नको.”

“नको म्हणजे?”

“कोलिनचे हप्ते चालू असताना माझ्यासाठी सही करायची नाही. केलीस तर मी जाणार नाही. इथल्याच कॉलेजात नर्सच्या मदतनिसाचा कोर्स करीन.”

“ही धमकी आहे?”

“नाही. मॉम, ऐक ना. तू शनिवारी काम करशील. मग रविवारीही करशील. चेहरा असाच ठेवून सत्तरीपर्यंत भरत राहशील, त्याचे आणि माझे. मी तिकडे वर्गात बसून काय करू? मला तुझ्या त्या पानावर यायचं नाहीये.”

“कुठल्या पानावर?”

“पाच तारखेच्या. तू वाचत बसतेस ते. मला दिसतं जिन्यावरून.”

मला वाटलं होतं, मी घरात एकटी असते तेव्हाच ते उघडते.

ती जागा सोडणार नाही. ही वयात येण्याची नाटकं आहेत. चार दिवसांत ताळ्यावर येईल.

१९ मे, सोमवार

आली नाही ताळ्यावर. इथल्या कॉलेजचा अर्ज भरून तिने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आहे. मी दूध काढताना तोच समोर येतो.

मी स्वतःशी नीट विचार करून पाहिला. समजा, दाखला पाठवला. काय होईल? हप्ता थांबेल. मुलगी जाईल. पैशाच्या दृष्टीने एकही अडचण नाही. दहा प्रती तयार आहेत. अंत्यविधी करणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, दहा घेऊन ठेवा, सगळीकडे लागतात. एक बँकेला दिली, एक गाडीच्या विम्याला, त्या डेलने दिल्या. उरलेल्यांचं पाकीट मी उघडलेलं नाही. मग मी का थांबले आहे? सही माझी आहे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. आज ते कागदावर लिहून पाहिलं, तर पुरेसं दिसत नाही.

२६ मे, सोमवार

आज दफनभूमीत जाण्याचा दिवस. सगळं गाव झेंडे आणि फुलांच्या कुंड्या घेऊन जातं. कर्स्टनने सकाळी विचारलं, “डॅड न्यायला येतोय मला. चलतेस?”

“खिडक्या धुवायच्या आहेत.”

“बरं.”

गाडीत डेलने मागच्या सीटवर लाल जिरेनियम ठेवलं होतं. तो उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, “डोरी, जागा आहे गाडीत.” मी बादली दाखवली.

दुपारी दोघं परत आली तेव्हा कर्स्टनच्या गुडघ्यांना माती होती. मी सगळ्या खिडक्या धुतल्या होत्या, आतून आणि बाहेरून. डेल दारात उभा राहिला. म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला आहे.

“तिथे गवत छान आलंय,” तो म्हणाला.

“कोण कापतं?”

“मी. रविवारी जातो.”

हे मला माहीत नव्हतं. मी त्याला अर्ध्यावर सोडणारा म्हणत आले. कॉफी दिली. त्याने ती उभ्याउभ्याच प्यायली आणि गेला.

शुक्रवारी तीस तारीख आहे.

२८ मे, बुधवार

आज रजा घेतली. रजा घेतल्यावर घरी काय करावं ते मला येत नाही, म्हणून आधी स्वयंपाकघर आवरलं. कर्स्टनची अर्धी शाळा होती. ती आली तेव्हा मी टेबलाशी बसले होते, पाकीट आणि फोन समोर. ती काही न विचारता समोर बसली.

कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग टेरेन्स नावाचा माणूस आला, मोठ्या, सावकाश आवाजाचा.

“विद्यार्थ्याशी आपलं नातं?”

“आई.”

“आज काय मदत करू, मॅडम?”

मी वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं. रोज दहा माणसांना ‘दुखणार आहे, तरी टेका पाय’ म्हणणारी बाई मी. कागदावरचं वाक्य वाचायचं होतं फक्त.

“विद्यार्थी…” मी म्हणाले आणि थांबले.

“घाई नाही, मॅडम.”

कर्स्टन माझ्या तोंडाकडे बघत होती. तशीच, चर्चमध्ये बघायची तशी.

“माझा मुलगा वारला,” मी म्हणाले.

“ऐकून फार वाईट वाटलं. कधी, मॅडम?”

“तेवीसच्या नोव्हेंबरात.”

कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला. “मॅडम, आपण या महिन्यातही हप्ता भरलेला दिसतोय.”

“हो.”

“तेव्हापासून दर महिन्याला.”

“वेळेवर,” मी म्हणाले. “एकही चुकलेला नाही.”

“नाही, मॅडम,” तो म्हणाला. “एकही चुकलेला नाही.”

मग त्याने सांगितलं, दाखल्याचा फोटो पाठवा, तपासणी होईल, खातं बंद होईल. त्या तारखेनंतर भरलेलं सगळं कंपनी परत करील.

“परत नको. ते मी भरलेलं आहे.”

“ठेवता येत नाही आम्हाला.”

“मी राजीखुशीने भरलं आहे, लिहून देते.”

“मॅडम,” तो आणखी सावकाश म्हणाला, “त्या दिवसानंतर कर्ज उरलंच नव्हतं. आपण भरत होता, पण इकडे देणं काही नव्हतं.”

तेवढ्यात एक आवाज आला. आधी मला कळलं नाही कसला. वाटलं, बाहेर कुत्रं केकाटतंय. कर्स्टन रडत होती. तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी, टेबलाला दोन्ही हातांनी धरून. मी या मुलीला दगड समजत होते. ती दीड वर्ष माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

मी ‘उठ, तोंड धू’ म्हणाले नाही. उठून तिच्या बाजूला गेले आणि तिला जवळ धरलं. खुर्ची ओढायला हात मोकळे नव्हते म्हणून जमिनीवर गुडघे टेकून बसले. ती माझ्या खांद्यावर कोसळली. फोनमधून टेरेन्स म्हणत होता, “मॅडम? मी थांबतो. आपण सावकाश या.” आणि खरंच थांबला, भला माणूस.

नंतर पाकीट उघडलं. दाखल्याचा फोटो कर्स्टनने काढून पाठवला. परत येणारे पैसे कर्स्टनच्या पहिल्या वर्षाला लावायचे असं मी ठरवलं. ते ऑगस्टच्या आत येतील का हे टेरेन्सला सांगता आलं नाही. ते येईपर्यंत बाकीच्यासाठी पालकाच्या कर्जावर मी सही केली. कर्स्टनने विद्यापीठाला ‘येते’ म्हणून कळवलं. अनुदान गेलं ते गेलंच. तेवढं कर्ज या मुलीच्या शिक्षणावर माझ्यामुळे वाढलं, हे तिलाही माहीत आहे आणि तिने तो विषय आज काढला नाही.

मी कॉफी केली. तिचं नाक सुजलं होतं. कप हातात धरून म्हणाली, “मॉम, एक सांगू? चिडू नकोस.”

“सांग.”

“त्याला इंजिनिअरिंग सोडायचं होतं. लोखंडाची खनिजं नेतात ना, त्या मोठ्या जहाजावर काम मिळत होतं त्याला. त्या थँक्सगिव्हिंगला तो तुला हेच सांगणार होता. मला म्हणाला, तू मॉमच्या शेजारी बस, ती टर्कीचं ताट फेकेल, तू झेल.”

मी माझा कप खाली ठेवला.

“फेकलं असतं,” मी म्हणाले.

“माहीत आहे.” ती हसली, आणि हसताना पुन्हा रडू लागली. “मी झेलणार होते.”

तिन्ही वर्षांची सही माझी. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारायला तो नाही. टेबलाच्या पलीकडे ही आहे, हिला माहीत आहे. मी माझी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

“कुठल्या जहाजावर?” मी विचारलं.

ती सांगू लागली.